शंभर योजनांचा समुद्र

किष्किंधाकांड संपत येतं तिथे एक हजेरी लागते. सीता लंकेत आहे हे संपातीकडून कळलेलं असतं, समोर १०० योजनांचा समुद्र असतो आणि किनाऱ्यावर हताश बसलेल्या वानरांना अंगद विचारतो, कोण किती लांब उडी मारेल? गज म्हणतो, १० योजनं. गवाक्ष म्हणतो, २०. आकडे चढत जातात. गंधमादन ५०, मैंद ६०, द्विविद ७०, सुषेण ८०. जांबवान म्हणतो, तरुणपणाची गोष्ट वेगळी होती, आता वय झालं, ९० जाईन. शेवटी अंगद स्वतःचं सांगतो : १०० जाईन, पण परत येण्याइतकं बळ उरेल की नाही, ते सांगता येत नाही.

आजच्या भाषेत ही सरळ सरळ पॉवर लेव्हलची यादी आहे. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. तरीही ती वाचताना कंटाळा येत नाही, उलट प्रत्येक आकड्याबरोबर पोटात गोळा येतो, कारण समोर समुद्र आहे. ५० आणि ८० यांच्यात तीस योजनांचं अंतर असलं तरी दोघेही बुडणारच. ९० वाला जांबवानही बुडणार, आणि किनाऱ्यापासून फक्त दहा योजनं अलीकडे. १०० आणि "१००, पण परतीचं माहीत नाही" या दोन उत्तरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आकड्याला अर्थ देतो तो समुद्र. तो नसता तर ही यादी पाठांतरापुरती उरली असती.

आता ठाण्याहून वाशीला जाणारी संध्याकाळची लोकल डोळ्यांसमोर आणा. ऐरोली गेलं, रबाळे यायचंय, दाराशी उभ्या मुलाच्या हातात फोन आहे आणि फोनवर एका अद्भुत कथामालेचा भाग ११२. नायकाने कुणाला तरी हरवलं आणि हवेत निळी चौकट उघडली : शक्ती ४,८२,०००, चपळता ३,९०,५००, सहनशक्ती ५,१०,०००, मंत्रबल ६,७५,०००. अंगठा थांबत नाही. चौकट वर सरकते, पुढचा संवाद येतो. मुलगा अडाणी नाही, अधीरही नाही. इतके भाग वाचून त्याला पक्कं कळलंय की या आकड्यांवर पुढे काहीच अडणार नाही. शक्ती ४,८२,००० च्या जागी ४,२८,००० छापलं गेलं असतं तरी कथेत एक शब्द बदलला नसता.

ही चौकट फुकट येत नाही, हेही लक्षात घ्यावं. भाग १,२०० शब्दांचा आणि चौकट ६० शब्दांची धरली तर दर भागाचा विसावा हिस्सा तिच्यात जातो. १२० भागांत ७,२०० शब्द होतात, म्हणजे एक दीर्घकथा. एवढी जागा कुणीही न वाचणाऱ्या मजकुराला दिलेली असते.

आकड्यांचा हा फुगवटा कसा सुरू होतो हे गणिताने पाहिलं की लेखकाचा राग येत नाही, सापळा दिसतो. समजा नायकाची ताकद १० आहे आणि दर पातळीला ५ ची भर पडते. पहिल्या बढतीत १० चे १५ होतात. दीडपट. वाचक खूश होतो. शंभराव्या पातळीवर त्याची ताकद ५०५ असते, पुढच्या बढतीत ५१० होते. भर तेवढीच, पण वाढ एका टक्क्याची, आणि ती कुणाला जाणवतही नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली वजनांच्या प्रयोगांतून हेच मांडलं होतं : हाताला फरक कळतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात. पाव किलो मिरचीत ५० ग्रॅम जास्त पडली तर पिशवी घेताना कळतं, दहा किलो तांदळात तेच ५० ग्रॅम हरवून जातात.

मग लेखक टक्क्यांकडे वळतो, आणि टक्का आला की चक्रवाढ आली. दर भागाला ३ टक्के वाढ अगदी निरुपद्रवी वाटते, पण १०० भागांत ती मूळच्या १९ पट होते आणि २०० भागांत ३७० पट. ५ टक्के धरले तर १०० भागांत १३१ पट. १० टक्के धरले तर १०० भागांत १३,७८० पट. कुणी भागांऐवजी पर्वांचा हिशेब करतो, दर पर्वात नवा खलनायक आणि तो आधीच्याच्या दुप्पट. दहा पर्वांनी तो १,०२४ पट होतो. दर पर्वात दहापट केला तर दहा पर्वांनी १,००० कोटी पट. कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता पाहिलेल्या माणसाला हे नवीन नाही. कथेत मुद्दल म्हणजे वाचकाचा विश्वास, आणि तो भरून काढायला कुणी येत नाही.

यातली खरी दुखरी बाब अशी की एवढं करूनही लढत बदलत नाही. पहिल्या भागात नायक १०, शत्रू १२. दोनशेव्या भागात नायक १० लाख, शत्रू १२ लाख. गुणोत्तर तेच, त्यामुळे झटापटीचं स्वरूप तेच : आधी मार खाणं, मग संताप, मग आतून उसळलेली नवी शक्ती, मग विजय. वाढली ती फक्त शून्यं.

जपानी वाचकांनी या प्रकाराला अर्थशास्त्रातलाच शब्द लावला आहे, 'इन्फुरे', म्हणजे इन्फ्लेशन. त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'ड्रॅगन बॉल' या जपानी चित्रकथेतलं. तिथे शत्रूंच्या डोळ्यावर समोरच्याची ताकद मोजणारं यंत्र येतं. पहिलं मोजमाप एका बंदूकधारी शेतकऱ्याचं होतं आणि ते ५ भरतं. हा ५ फार चांगला आकडा आहे, कारण लगेच दिसतं की ५ ताकदीच्या माणसाने झाडलेली गोळी समोरचा सहज झेलतो. म्हणजे त्या ५ ला समुद्र मिळाला. पुढे व्हेजिटा या शत्रूचे १८,००० येतात, मग फ्रीझा हा खलनायक स्वतःच्या तोंडाने ५,३०,००० सांगतो आणि रूप बदलल्यावर १० लाखांच्या पुढे गेल्याचं सांगतो. त्यानंतर ही मोजणीच हळूहळू कथेतून गेली. पात्रं यंत्राशिवाय, नुसत्या जाणिवेने ताकद ओळखू लागली. लेखकाने वेळीच हात काढून घेतला, हा मला त्याचा शहाणपणा वाटतो. आकडा निरुपयोगी झाला की तो टाकून देणं ही कथेची सेवाच असते.

संगणकावरच्या खेळांना असा हात काढून घेता येत नाही, कारण तिथे आकडा आतल्या यंत्रणेत असतो. ३२ बिटच्या चिन्हासहित पूर्णांकात, म्हणजे संगणकाच्या संख्या साठवायच्या एका ठरावीक कप्प्यात, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यात आणखी एक मिळवला की आकडा उलटून ऋण होतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ वर्षानुवर्षं वाढत गेला तशी आकड्यांची हीच अडचण उभी राहिली, आणि २०१४ मध्ये सगळे आकडे एकदम खाली दाबावे लागले. खेळाडू त्याला 'स्क्विश' म्हणतात. २०१८ मध्ये ते पुन्हा करावं लागलं, आणि २०२० मध्ये तर १२० पातळ्यांचा जिना ५० वर आणला. झिम्बाब्वेने चलनातली शून्यं तीनदा कापली : २००६ मध्ये ३, २००८ मध्ये १०, २००९ मध्ये १२. मधल्या काळात तिथे १०० लाख कोटी डॉलरची नोटही निघाली. शून्यं कापली तरी वाढीचं कारण जागेवर राहिलं तर आकडे पुन्हा तिथेच पोचतात. खेळालाही तोच अनुभव आला. शिवाय दाबताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागली : जुने शत्रू, ज्यांना खेळाडू एकट्याने सहज लोळवत होते, ते अचानक जड जाऊ नयेत. कथालेखकाला हे कामच करता येत नाही. छापलेला भाग १४ हा भाग १४ च राहतो, आणि तो वाचकाच्या लक्षात असतो.

दुसरा रस्ता मूळ रचनेतच मर्यादा घालण्याचा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली. तिच्यात वार करताना पहिल्या पातळीचा योद्धा वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात साधारण ५ ची भर घालतो आणि विसाव्या पातळीचा ११ ची. संपूर्ण कारकिर्दीत फक्त ६ ची वाढ. गॉब्लिन या साध्या, फुटकळ शत्रूचं संरक्षण १५, म्हणजे बेरीज निदान १५ झाली तर वार बसतो. नवखा त्याला १०० पैकी ५५ वेळा फटका देईल, मुरलेला ८५ वेळा. उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. पोलादी चिलखत आणि ढाल घेतलेल्या वीराचं संरक्षण २० आणि गॉब्लिन फाशात ४ ची भर घालतो, म्हणजे चारातला एक वार बसतोच. वीस गॉब्लिनांनी घेरलं तर एका फेरीत पाच वार, दर वाराला सरासरी साडेपाच, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसची जखम. विसाव्या पातळीच्या वीरालाही वीस फाटक्या शत्रूंचा विचार करावा लागतो. अशा जगात गर्दीला, रात्रीला, अरुंद वाटेला किंमत राहते.

बुद्धिबळाच्या गुणांकनातही हीच शिस्त आहे. आर्पाद एलो यांची पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात २,४०० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, अर्थ फरकाला असतो. २०० गुणांचा फरक म्हणजे वरच्याला १०० डावांत साधारण ७६ गुण, ४०० चा फरक म्हणजे ९१. कथा लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी वहीत असं एक वाक्य लिहून ठेवावं : माझ्या जगात अमुक इतका फरक म्हणजे काय? दहात किती वेळा दुबळा जिंकतो? उत्तर "कधीच नाही" असेल तर प्रत्येक लढतीचा निकाल चौकट उघडताच लागलेला आहे आणि पुढची चार पानं वाचायचं कारण उरत नाही.

फुगवट्याने सगळ्यात आधी अंतर आणि वेळ मरतात, आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. उसेन बोल्टने २००९ मध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, म्हणजे सेकंदाला साधारण साडेदहा मीटर. चपळता त्याच्या ३३ पट झाली की पात्र आवाजाचा वेग गाठतं. ठाणे ते वाशी रेल्वेने अठरा-एकोणीस किलोमीटर आहे, लोकलला अर्धा तास लागतो. या पात्राला एक मिनिटही लागणार नाही. आता "तो पोचेपर्यंत उशीर झाला होता" हे वाक्य ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत कुठेही लिहिता येत नाही. कोपरखैरण्याला बहीण संकटात आहे आणि नायक तलावपाळीवर आहे, हा प्रसंगच संपला. ३३ ला हे होतं, आणि आपल्या चौकटीत चपळता ३,९०,५०० होती.

ताकदीचंही तसंच. साधा माणूस ५० किलो उचलतो असं धरलं तर हजारपट ताकद म्हणजे ५० टन. घोडबंदर रोडवरच्या चौदाव्या मजल्यावरच्या खोलीत तो ते उचलणार असेल तर स्लॅबचा विचार करा. राहत्या घरांसाठी भारतीय मानकात जिवंत भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचा भार, दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, १० चौरस मीटरच्या खोलीला २ टन. ५० टन उचलणारा माणूस बाहू न हलवता तेराव्या, बाराव्या, अकराव्या मजल्यावर जाईल. लेखक हे टाळतो तेव्हा जग पुठ्ठ्याचं होतं. लिहून दाखवतो तेव्हा नायकाला घरात राहणंच अशक्य होतं, आणि मला विचाराल तर ती कितीतरी चांगली कथा आहे.

त्यानंतर बळी जातात ते सोबती. सुरुवातीला पाच जण असतात. एकाला जखमा बांधता येतात, एकीला नकाशे वाचता येतात, एक जण उत्तम खोटं बोलतो. नायक १,००० पट झाला की बाकीचे चौघे उभे राहून बघतात आणि "केवढी ही शक्ती!" म्हणतात. कथा कुठे बिघडली हे शोधायचं असेल तर असे उद्गार मोजावेत. सलग तीन भागांत सोबत्यांचं काम एवढंच उरलं असेल तर बिघाड मागे, निदान वीस-पंचवीस भाग आधी झालेला असतो.

नुसते दोष दाखवून उपयोग नाही, म्हणून एक नमुना बांधून पाहू. मुलगी सतरा वर्षांची, केतकी, राहणार खारेगाव, कळवा. शक्ती एकच : पाणी उचलता येतं. पहिला निर्णय मापाचा. "जलशक्ती १२०" असं लिहू नये. माप असं हवं की वाचकाने ते कधीतरी हातात धरलेलं असेल. घागर घेऊ. एक घागर म्हणजे १० लिटर, १० किलो. सुरुवातीला केतकी ३ घागरी उचलते. दर पर्वात दुप्पट करायचा मोह झाला तर काय होतं ते आधी पाहावं : १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि एक मीटर खोल तळ्यात ५ लाख घागरी पाणी असतं. ३ पासून अठरा वेळा दुप्पट केलं की ७,८६,४३२ होतात. अठराव्या पर्वात ती तळं उचलून हवेत धरते, आणि एकोणिसाव्यासाठी लेखकाकडे काही राहत नाही.

म्हणून कमाल मर्यादा ठरवायची आणि ती मोडायची नाही : ४० घागरी, एका वेळी, नजरेच्या टप्प्यात. चारशे किलो पाणी. दुसरा आकडा वेळेचा. एक खेप ३० सेकंदांची. तिसरा किमतीचा. दर दहा खेपांनंतर तिला ताप चढतो आणि तांब्याभर पाणी प्यावं लागतं. तीन आकडे पुरे. चौथा घेतला तर सांभाळता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता तिला समुद्र द्यायचा. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, हे कळवा-ऐरोली जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिथे रुग्णवाहिका अडकली आहे. साचलेलं पाणी २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल धरू : ८० घनमीटर, ८,००० घागरी. केतकीच्या २०० खेपा, म्हणजे १०० मिनिटं. जमेल असं वाटतं. पण पाऊस थांबलेला नाही. आजूबाजूच्या १०,००० चौरस मीटरवरचं पाणी त्या खोलगटात येतं आणि तासाला ५० मिलिमीटर पडतोय. तासाला ५०० घनमीटर, ५०,००० घागरी. केतकी तासाला काढते ४,८००. ती दहापटीहून जास्त मागे आहे, आणि हा हिशेब वाचक स्वतः करू शकतो. खलनायक नाही, गर्जना नाही, तरी छातीत धडधड होते.

सोपी चूक इथे होते. लेखक तिला ओरडायला लावतो, डोळे निळे होतात आणि ४० च्या ४०,००० घागरी होतात. एवढं झालं की आधीचे सगळे हिशेब खोटे ठरतात, आणि पुढच्या वेळी वाचक हिशेब करत नाही, नुसती किंकाळीची वाट बघतो. त्याऐवजी शेजारचे काका आणावेत, ज्यांनी आयुष्यभर गटारं साफ करण्याचं काम केलं आहे. ते गुडघाभर पाण्यात उभं राहून म्हणतात, "पोरी, पाणी नको उपसू. चेंबर त्या खांबाच्या डावीकडे आहे. तोंडात प्लास्टिक बसलंय. तेवढं फोड." पाच मीटरवरून सोडलेलं ४०० किलो पाणी खाली ताशी ३५ किलोमीटर वेगाने आदळतं. पहिली खेप वाया जाते, कारण साचलेलं पाणीच मार झेलतं. मग आधी तळाजवळचं पाणी बाजूला धरायचं आणि दुसऱ्या खेपेत मारायचं, पण एका वेळी ४० ची मर्यादा आहे. २० घागरींनी वाट उघडी ठेवायची, २० ने घाव घालायचा. घाव अर्धा पडतो. किती घाव लागतील? मधेच ताप. आणि तोंड मोकळं झालं तरी खाडीला भरती असेल तर पाणी जाणार कुठे? ओहोटी किती वाजता, हे काकांना पाठ आहे.

या सगळ्यात केतकीचा आकडा एकाने वाढला नाही. पन्नास भागांनंतरही ४० च राहू शकतो. वाढतं ते तिचं कसब : ४० घागरींचे चार गोळे करणं, पाण्याची पातळ चादर करणं, खेप ३० वरून २६ सेकंदांवर आणणं. हे चार सेकंद वाचकाला लाखांपेक्षा मोठे वाटतात, कारण ३० सेकंदांत कोण वाचलं नव्हतं हे त्याला आठवत असतं. अशा कथेची वही ठेवावी आणि तिच्यात दर भागापुढे चार रकाने असावेत : किती घागरी दाखवल्या, किती वेळ लागला, काय किंमत मोजली, कुणी पाहिलं. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि तिथेच फसतात. भाग ९ मध्ये जिने पाहिलं ती भाग ३१ मध्ये आश्चर्याने तोंडात बोट घालते, आणि वाचक ते पकडतो.

मोजायचंच असेल तर उरलेलं मोजावं, साठलेलं मोजू नये, असंही वाटतं. महाभारतात कर्णाकडे इंद्राने दिलेली वासवी शक्ती आहे. तिचा आकडा एक. एकदाच वापरता येणार. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली, आणि चौदाव्या दिवशीच्या रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसेना अशी उद्ध्वस्त करतो की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागते. एकाचं शून्य होतं. त्या शून्याचं वजन अठरा अक्षौहिणींना येत नाही, जरी एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ असा काटेकोर तपशील दिलेला आहे. उद्योगपर्वात भीष्म दोन्हीकडच्या वीरांची प्रतवारी सांगतात, कोण रथी, कोण अतिरथी, आणि कर्णाला म्हणतात अर्धरथी. ही प्रतवारी ऐकून कर्ण शपथ घेतो की भीष्म पडेपर्यंत लढणार नाही. दहा दिवस तो रणात उतरत नाही. एका चौकटीतल्या एका नोंदीने युद्धाचे दहा दिवस बदलले. चौकट दाखवायची तर अशी दाखवावी : कुणासमोर, कुणाच्या तोंडून, आणि ती ऐकून कोण उठून गेलं.

मराठीत याहून जवळचं उदाहरण पानिपतानंतरच्या निरोपाचं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्द्याची गणतीच नाही, असा तो सांकेतिक मजकूर. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. ज्यांची संख्या सर्वांत मोठी होती त्यांना आकडाच दिलेला नाही, आणि काळजाला हात घालतो तो "दोन". लाखांचे आकडे लिहिताना या तीन पायऱ्या आठवाव्यात.

कथा आधीच फुगली असेल, भाग १४० चालू असेल आणि वाचक वाट बघत असतील, तर काय करावं? गुपचूप आकडे कमी करू नयेत. त्याला वाचक 'नर्फ' म्हणतात आणि ते त्यांना फसवणूक वाटते, रास्तही आहे. शाप, विष, विस्मृती यांनी शक्ती काढून घेणं चालतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा केलं की युक्ती उघडी पडते. सर्वांत टिकाऊ उपाय जागा बदलण्याचा. १६६० मध्ये बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले तेव्हा मागून येणारं सैन्य कमी झालं नव्हतं, खिंडीने एका वेळी समोर येणारे कमी केले. बलाढ्य नायकाला अशा ठिकाणी न्यावं जिथे त्याचा मोठा आकडा वापरताच येत नाही : गर्दीच्या पुलावर, झोपलेल्या बाळाच्या खोलीत, ज्याला मारायचं नाही अशा माणसासमोर. ५० टन उचलणाऱ्याला तापाने फणफणलेल्या आजीला स्ट्रेचरवर घ्यायला लावा. त्याला आता हलकं उचलायला शिकायचं आहे आणि त्यासाठी त्याच्या चौकटीत रकाना नाही.

चौकट बंद करणंही जमतं. शेवटची एकदा दाखवावी, पात्राने ती बघावी आणि तिच्यात नसलेली गोष्ट विचारावी. त्यानंतर कथेत आकडा फक्त तेव्हाच यावा जेव्हा त्याच्यामुळे कुणीतरी वेगळं वागेल. असे आकडे मोजून पाहिले तर २०० भागांच्या कथेत पंधरा-वीस पुरतात.

किष्किंधाकांडातल्या हजेरीत एक नाव मी वर घेतलं नाही, कारण त्या हजेरीतही ते नाही. १० पासून १०० पर्यंत सगळे बोलून होतात. अंगदाला पाठवायला जांबवान तयार नाही, नेत्याला असा धोक्यात घालता येत नाही. किनाऱ्यावर पुन्हा शांतता. मग जांबवान वळतो आणि सगळ्यांपासून बाजूला, काही न बोलता बसलेल्या हनुमानाकडे जातो, ज्याने आपला आकडा सांगितलेलाच नाही.